हाक

पांझरेच्या फडावर बत्तीस वर्षं पाटकरी,
सुपडू भामरे आज धुळ्यात
माझ्या मायक्रोस्कोपसमोर टोपी मांडीवर घेऊन बसलेत.
काचेवर त्यांच्याच किडनीचा काप, गुलाबी.
मी म्हणाले, बघा.

एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं, बराच वेळ,
आणि चाऱ्या ओळखल्या.
"बाई, हाऊ पाट कोनी फोडा?"

मी सांगत गेले:
गाठ बाजरीच्या दाण्याएवढी होईतो
शेजारच्या ओलीवर भागतं तिचं.
पुढे मधल्या पेशींचा जीव घुसमटतो.
तहानेचा सांगावा प्रत्येक पेशी लिहीतच असते,
श्वास मिळाला की लगेच पुसूनही टाकते.
नाही मिळाला तर सांगावा टिकतो, बाहेर पडतो,
जवळच्या रक्तवाहिनीची भिंत गाठतो.
भिंतीतली एक पेशी तो ऐकते,
बोटं काढते, चाचपडत पुढे सरकते,
बाकीच्या तिच्या मागे,
पोकळ होत, रक्त आणत.
जखम भरते तीही अशीच.

"मंग हाई चोरी नही."

नाही. पण तुमच्या गाठीत
पुसणारा हातच हरवलाय.
गळ्याशी पाणी आलं तरी ती
तहान, तहान म्हणून ओरडते.
म्हणून या चाऱ्या बघा किती वाकड्या,
ना उतार ना काठ,
जागोजाग पाझर.

गोळीचंही सांगितलं:
हाक मारणाऱ्याचं तोंड नाही धरत ती,
ऐकणाऱ्याचे कान बुजवते.
"कितला दिन?"
काहींना महिने, काहींना वर्षं. पुढे
हाक दुसरी वाट शोधते.

त्यांनी टोपी झटकली. घातली नाही.
मग फडाचंच बोलले, माझ्याकडे न बघता.
एका रात्री बारी बुधा अहिरेची होती
आणि बांधावरून बनाबाई ओरडत आली,
मिरच्या चालल्या रे सुपडू, मिरच्या चालल्या.
फावड्याचा एकच घाव.
सकाळी बुधाचे वाफे कोरडे.
पंचांनी विचारलं तेव्हा
उंदराच्या बिळावर ढकललं.

बाहेर कुणीतरी पुढचा नंबर पुकारला.
काचेच्या कडेवर बोट ठेवून ते म्हणाले,
"अंधार व्हता, बाई.
मिरच्या मी देख्यात बी नही.
हाक आयकी."