बुटाचा खोका

मार्चातलं नागपूर. कूलरात टाकाचं पाणी घेऊन
मी वर्गाच्या दारातच थबकलो.
रामटेके मॅडमनी टेबलावर बुटाचा खोका ठेवला होता :
नाव नको, फक्त प्रश्न टाका.
आमच्या वेळेस त्या धड्याले स्टेपल मारत.

पोट्टे खिदळले. मग पेनं चालली.

पहिली चिठ्ठी : मले रात्री असं होते, बिमारी हाय का?
मॅडमनी फळ्यावर समजावलं, शब्द न चोरता.

दुसरी वाचली अन् मुठीत धरली.
कूलर तेवढा घरघरत राहिला.
"'कोणाला सांगू नको' असं कोणी म्हणालं,
तर तेच सांगायचं. मला."

घंटा झाली. सायकली पाचपावलीकडे पांगल्या.
दप्तराचा पट्टा बोटाले गुंडाळत
एक पोट्टी मागं राहिली.

रिकामी बादली घेऊन
मी वऱ्हांड्याच्या टोकाले उभा राहिलो,
कोणी इकडं येऊ नये म्हणून.