मुठीतला बल्ब

विश्रामबागेतल्या पतसंस्थेची गच्ची, एप्रिल, दुपारचे अडीच.
खाली हॉलमध्ये ठेवीदार आणि थकबाकीदार
एकाच पंख्याखाली सरकून बसलेत.
मॅनेजर चौगुले फायलीनं वारा घेत
दोनदा वर येऊन गेले:
"गॅसच कमी असणार की हो, दस्तगीरभाई?"

गॅस तीनदा भरून झालाय.
तीन बिलं, तीन मेस्त्र्यांच्या सह्या.
भरला की चार दिवस बरं,
पाचव्या दिवशी पुन्हा खिडक्या उघड्या.

चाचा गेज लावतात.
निळा काटा तळाला बसलेला,
लाल मात्र चढलेला, रागानं चढावा तसा.
"कुमुद, काचेतनं बघ. बुडबुडं हायत?"
वाकून बघते. एकही नाही. नितळ.
"मग गॅस कमी कसा? मार्केट यार्डाच्या गेटला
हळदीच्या गाड्यांची रांग लागलीया,
आणि आत सौद्याला एक पोतं न्हाई.
माल कमी हाय म्हणायचं, का गेट उघडंना झालंय?"

कॉइलचं पॅनेल काढलं.
व्हॉल्वच्या पुढ्यात बोटभर पांढरा बर्फ,
पुढची सगळी कॉइल कोरडी, उपाशी.

आता चाचा सवयीनं परतीच्या पाइपावर तळवा ठेवतात.
मिरज-सांगलीत सगळे मेस्त्री सांगतात,
दस्तगीर मुजावरला थर्मामीटर लागत नाही.
तळवा ठेवला, ठेवूनच राहिले.
मग काढला, आणि माझ्याकडं न बघता:
"तू सांग."

(गेल्या महिन्यात तापल्या पाइपाला त्यांचा हात चिकटला होता.
आधी वास आला, मग फोड दिसला.
पट्टी मी बांधली. "शुगर हाय जराशी," म्हणाले,
"दुकानात बोलू नको.")

"कोमट," मी म्हणाले.
"किती कोमट?"
"दुरडीत तासभर पडलेल्या भाकरीएवढा."
चाचा हसले. "आयटीआयत असलं शिकवतात व्हय?"

मग त्यांनी पट्टी सोडवून
पाइपाला बांधलेला बल्ब मोकळा केला.
करंगळीएवढा तांब्याचा,
त्याच्यातून केसासारखी नळी निघून
थेट व्हॉल्वच्या डोक्यात गेलेली.
"मुठीत धर. घट्ट. हाताची ऊब लागली
की आतला वायू फुगतो, आणि दार ढकलतो.
नजर काट्यावर."

धरला.
खाली कुणाचातरी टोकन नंबर पुकारला.
एक मिनिट. तळव्याला घाम सुटला.
निळा काटा जिथल्या तिथं.
दोन मिनिटं.
"दे इकडं," म्हणाले, "तुझा हात थंड असंल."
देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली,
भट्टीवरून आल्यासारखी.
मूठ मिटली. शिरा वर आल्या.
काटा हलला नाही.

"गेला," चाचा म्हणाले.
"आतला वायू कुठंतरी झिरपून गेलाय.
ऊब लागली तरी ह्याला कळंना झालंय."
बल्बाविषयीच बोलत होते.
मी गेजकडंच बघत राहिले,
काचेवर ऊन पडलं होतं, आकडे नीट दिसत नव्हते.

चौगुले तिसऱ्यांदा आले.
"म्हणजे गॅस नव्हे? मग तीनदा भरला तो?"
"ते भरणाऱ्याला विचारा. जादा झालाय,
आधी तो काढावा लागंल.
व्हॉल्व कोल्हापूरहून येतोय, उद्या दुपारी बसवू."
किमतीवर घासाघीस झाली, दोनशे कमी झाले,
रिपोर्ट मी लिहिला, सही त्यांनी केली,
पेन दोन बोटांत नीट आहे का
हे आधी डोळ्यांनी बघून.

हत्यारांची पिशवी मी घेतली.
गच्चीची लोखंडी शिडी दुपारभर उन्हात.
चाचांनी एक पाय खाली टाकला,
दोन्ही हातांनी कठडा धरला.

"चाचा, कठडा तापलाय."

"हां," म्हणाले, "तापलाय खरा,"
आणि खांद्यावरचा रुमाल काढून
सावकाश हाताला गुंडाळत राहिले.