कूलर धरलेले नाहीत

अंबाझरीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
मी दोन हजार पंचावन्न सालचा मे महिना मोजतोय.
खिडकीबाहेर यंदाचाच मे अजून आवरत नाही.

कोष्टकात आडव्या ओळी वर्षांच्या,
उभे रकाने: कोळसा, पाणी, ऊन, वारा, अणू,
आणि सगळ्यात शेवटी, अरुंद, 'इतर'.
जे ठाऊक नाही ते आम्ही तिथे ठेवतो,
नेहमी लहानशा आकड्याखाली.

काल कपाट रिकामं करताना
चहांदे साहेबांची फाईल निघाली.
एकोणीसशे त्र्याऐंशी. कार्बनची निळी प्रत,
टाचणीचा गंज पानामागून पान उतरत गेलेला.
पुढच्या वीस वर्षांची मागणी: एक रेघ,
पट्टी धरून काढलेली, हळू चढणारी,
वारा पडल्या दिवशी कोराडीचा धूर चढतो तशी.

साहेब वारले त्या साली
खरी मागणी त्या रेघेच्या कितीतरी वर निघून गेली होती.
कुणी हसलं नाही. कुणी ताडूनच पाहिलं नाही.
लोकांनी तेवढी ती चूक फेडली,
दुपारी अडीच ते साडेचार,
आणि रात्री पुन्हा, गच्चीवर, पुठ्ठ्यानं वारा घेत.

शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिल, मुंगीएवढं अक्षर:
'कूलर धरलेले नाहीत.
घरी आज घेतला. मुले शांत झोपली.'

म्हणजे कळलं होतं त्यांना.
फाईल मुंबईला रवाना झाल्यावर कळलं होतं,
वाळ्याच्या ओल्या वासात, पहाटे केव्हातरी,
पाठीखालची चादर कोरडी लागली तेव्हा.

आता तर रेघच उलटी वागते.
समीक्षा गजभिये, नवीन लागलेली, पडद्यावर बोट ठेवते:
'सर, रात्री साडेअकराला हा उंचवटा कसला?'
मी म्हणतो, ही माणसं झोपतायत.
ती पाहत राहते.
आख्खं शहर आडवं होतं
आणि त्याच वेळी रेघ उठून उभी राहते.
दुपारचं फुकटचं ऊन तोवर केव्हाच संपलेलं,
छतावरच्या काचा नुसत्या तापून बसलेल्या.
'मग बॅटऱ्या वाढवू?'
वाढव, म्हणतो. किमतीच्या रकान्याकडे बघत म्हणतो.

मागच्या आठवड्यात खापरखेड्याला गेलो होतो.
कंट्रोल रूमच्या दारात उरकुडे भेटले,
भुवयांवर राखेची बारीक साय.
'सायेब, तुमच्या कागदावर
हे युनिट कवा बंद होऊन राह्यलं?'
छत्तीस साली, मी म्हणालो. प्रस्ताव आहे अजून.
त्यांनी बोटांवर मोजलं.
'मंग जमते. मी चौतीसलेच रिटायर.'
थोडं थांबून, बुटाच्या टोकानं कोळशाचा खडा सरकवत:
'पोरगं आयटीआय करून राह्यलं, बॉयलरचं.
त्याचं तेवढं पाहून घेजा कागदात.'

युनिटलाही निवृत्ती म्हणतात, माणसालाही.
युनिटचा आकडा त्या ओळीतून सरळ कापला जातो,
खाली बेरीज आपोआप सुधारते.

पाहिलं मी कागदात.
मेगावॉटमध्ये बसत नाही तो,
टनामध्ये नाही, कोटीमध्ये तर नाहीच.
'इतर'मध्ये टाकून पाहिला.
बेरीज हलली नाही.

उद्या आराखडा वर जाईल.
सादरीकरणाच्या चित्रांत आभाळ फार निळं आहे.
समीक्षा म्हणते, सर, सगळं मेलवर गेलंय,
प्रिंट कशाला?

पडद्याला समास नसतो, हे तिला कसं सांगावं.

एक प्रत छापून घेतली.
पेन्सिलीला टोक केलं.
शेवटच्या पानावर, कडेला, जमेल तितक्या लहान अक्षरात लिहिलं:
'उरकुडेंचा मुलगा धरलेला नाही.'
खाली अजून दोन ओळींची जागा सोडली,
काय सुटलं ते उद्यापरवा कळलंच तर.

स्टेपलर समोर होता.
पण शोधून लोखंडी टाचणीच लावली,
गंजणारी.