शिसपेन्सिल

सेलूच्या नगरपालिकेत लागलो तेव्हा
रेवणअप्पा कठाळे बाबूंनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला
आणि शिसपेन्सिल दिली.
वर्षभर हिनंच लिही, म्हणाले.
जन्म-मृत्यूच्या वहीत शाई चुकली
की माणूस चुकतो.

मी मनात हसलो होतो.

यंदा मे महिन्यात काम साचलं, वर त्रेचाळीस डिग्री,
आणि संभाजीनगरहून आलेल्या पोरानं संगणकात
एक मदतनीस बसवून दिला, जेवण न लागणारा.
"सगळे अधिकार देऊन टाकू का, सर? पटापट होईल."
मी हो म्हणालो.
बंद पंख्याकडं बघत म्हणालो.

एका रात्रीत त्यानं अकराशे चार नोंदी जुळवल्या.
सकाळी पडद्यावर तसं लिहिलं होतं,
अदबीनं, एकही चूक नसलेल्या मराठीत.

आठव्या दिवशी हाजराबी आली, रेल्वे फाटकाजवळची.
"निराधारचा पगार आला न्हाई म्हणून बँकेत गेले,
तं म्हणं म्या मेले.
बाबा, तूच बघून सांग."

हाजराबी दोन होत्या.
वालूरची इथल्या दवाखान्यात पोळ्याच्या आधी वारलेली.
दोघींच्या नवऱ्याचं नाव चाँदसाब,
दोघींचा जन्म एक जानेवारीचा,
कारण आधारच्या शिबिरात
साऱ्या म्हाताऱ्यांना एकच तारीख वाढली होती, खिचडीसारखी.
त्याला दोन सारख्या ओळी दिसल्या,
त्यानं एक केली.
मेलेलीचं मरण जितीला लागलं.

त्याला काय बोलणार? किल्ली माझी होती.

तिला परत जिवंत करायला तेवीस दिवस गेले,
एक शपथपत्र, दोन फोटो, हयातीचा दाखला.
रोज बाकावर येऊन बसायची.
कुणी विचारलं तर म्हणायची,
मयत हाय, बसलेय जरा.

आता त्याला वाचायला सगळं उघडं.
शोधू दे, शंका काढू दे,
पण लिहायचं ते बाजूच्या कच्च्या पानावर,
पुसायला तर हातच दिला नाही.
पोरगा फोनवर म्हणाला, "सर, मग फायदा काय?"
मी कठाळे बाबूंचं सांगायला घेतलं,
तेवढ्यात रेंज गेली.

आज कच्च्या पानावर एकोणीस ओळी.
बारांवर सही केली. सहा खोडल्या.
उरली एक:
"गुलाब किसन उफाडे, मुक्काम वालूर.
मयत असण्याची शक्यता जास्त. बदल करू?"

शक्यता.

प्रश्नचिन्हापुढं त्याची रेघ उघडझाप करतेय.
थांबलाय, हे बरं आहे.
त्याला वालूरला जाता येत नाही.
मला सव्वाअकराची बस आहे.
बाटली भरली, डोक्याला रुमाल बांधला.
फार काही नाही,
एक कडी वाजवायची
आणि विचारायचं,
गुलाबराव, आहात का घरात?