एवढं सोडून

साओ पावलोच्या चढावरली ती गल्ली.
भिंत निळी करायची होती, दोन हात,
मजुरी ठरलेली.
मी ब्रश बुडवला आणि दोना झुल्मीरा
खडू घेऊन बाहेर आल्या.

विजेच्या मीटरखाली, विटांच्या सांध्यात
मेणाची एक नळी होती,
करंगळीच्या पेराएवढी,
जरा खाली वाकलेली.
तिच्याभोवती त्यांनी वर्तुळ काढलं.
"एवढं सोडून रंगव."

मी म्हणालो, चिलटं आहेत.
त्या म्हणाल्या, चष्मा लाव.

लावला.
तोंडाशी पाचसहा जणी
हवेतच उभ्या, पहाऱ्यावर.
नांगीच नाही यांना,
डंख मारायचा म्हटला तरी जमायचा नाही,
आणि पहारा मात्र कडक.
बाकीच्यांची ये-जा.
मागच्या पायांना पिवळे गोळे,
बाजारातून पिशव्या घेऊन परतावं तसं.

दहा वाजता त्या उपड्या क्रेटवर बसल्या.
समोरचा एदिवान मोबाइलवर मिनिट मोजत होता.
गॅसच्या बिलामागे त्यांनी लिहिलं:
मंगळवार. ऊन. वारा नाही.
आत एकेचाळीस, बाहेर अडतीस.
अशी बिलं डब्यात सहा वर्षांची.
"काय करायचं याचं?"
"मोजायचं," त्या म्हणाल्या.

गल्लीभर रंगाच्या रिकाम्या डब्यांत सब्जा.
मंजिऱ्या खुडायच्या नाहीत अशी ताकीद सगळ्यांना,
बेकरीवाल्यालासुद्धा.
डासांच्या धुराची गाडी येते
तेव्हा न्हावी वाल्दोमीरो दुकान सोडून धावतो
आणि मीटरखाली ओला टॉवेल धरून उभा राहतो,
गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत.

दुसरा हात द्यायला मी संध्याकाळपर्यंत थांबलो.
ऊन गेलं तशी ये-जा विरळ झाली.
उशिरा आलेली एक जण घाईनं आत शिरली
आणि मग आतून कोणीतरी
नळीच्या तोंडावर मेणाची जाळी विणायला घेतली,
अगदी सावकाश,
जशी दुसऱ्या दिवशीची कसलीच घाई नाही.
मी ब्रश धुवायचा विसरलो.
तो वाळून दगड झाला.

शनिवारी घरमालक बर्तोलेती आला.
सगळी भिंत निळी, मध्ये तळहाताएवढी वीट उघडी.
"हे काय?"
"रंग संपला," मी म्हणालो.

डब्यात चार बोटं रंग होता.
तो मी घरी नेऊन बाटलीत ओतला.
डबा दोना झुल्मीरांना हवा होता.