दरडोई

गुरुवारी संध्याकाळी रुवीत,
सात शाळांचे सात अध्यक्ष आणि मी, हिशेबनीस.
कागदी पेल्यांत कराक चहा,
भिंतीवर माझा तक्ता.

"मूल तितकं सारखं," वालावलकर म्हणाले.
त्यांच्या शाळेत साडेचार हजार.
"दरडोई भाग पाडा नि मोकळे व्हा."
बोलण्यात खोट नव्हती.
खोट मी गेल्या महिन्यात पाहून आलो होतो,
मसीराला.

शन्नाच्या धक्क्यावर तीन तास फेरीची वाट.
शेजारी एसीचा मिस्त्री,
गॅसचा सिलिंडर मांडीशी धरून, लेकरासारखा.
"काम वीस मिनिटांचं," म्हणाला,
"पण बिल दोन दिवसांचं लावतो. काय करू?"

बेटावर वारा कॉम्प्रेसर खातो,
वह्यांच्या पिनासुद्धा गंजतात.
एक्केचाळीस मुलं. एका खोलीत चार इयत्ता.
सुमंगला टीचर फळ्याचे चार भाग पाडतात,
आणि तिसरीला शिकवताना
सहावीकडे पाठ होऊ नये म्हणून
तिरप्या उभ्या राहतात. बारा वर्षं.
ते तिरपेपण
कुठल्या रकान्यात लिहू?

खिडकीशी हुदैफा पारकर, कानाला यंत्र.
बॅटऱ्या मस्कतहून येतात.
त्या चुकल्या की आठवडाभर
तो टीचरच्या ओठांकडे बघत बसतो.

दरडोई.
शब्द जुना, कामाचा.
डोई मोजून धान्य वाटता येतं, पाणी वाटता येतं.
पण डोईला कान असतात,
आणि डोई कुठे राहते
हे तो शब्द विचारत नाही.

मी गुणक मांडला: एक पूर्णांक सात.
"म्हणजे तिकडचं पोर आमच्या पावणेदोन पोरांएवढं?"
कुणीतरी हसलं.
"पोर एकच आहे हो," मी म्हटलं,
"वरचे सात दशांश समुद्राचे."

मग वालावलकरांनी चष्मा काढला.
"माझ्याकडे गाड्या धुणाऱ्यांची पोरं आहेत,
एका वर्गात पन्नास.
फी पाच रियालांनी वाढली
की बाप कामाच्या कपड्यांत दाराशी येतो.
त्याला समुद्र कसा समजावू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
गुणक होता.

घासाघीस झाली, अजून एक चहा झाला.
नऊच्या सुमारास मंजूर झालं
एक पूर्णांक तीन.
सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

खाली गाडीत बसून
वहीत पेन्सिलीने लिहिलं:
चार दशांश, मसीरा, येणे बाकी.
पेन्सिल ठेवायला खिशात हात घातला
तर हाताला लागलं
बॅटऱ्यांचं पाकीट,
सोमवारी पाठवतो म्हणालो होतो ते.