उसनं

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातून वाघुल्यांचा फोन:
"मॅडम, काटा परत झोपला."
काटा कसला झोपतोय, वाघुले.
झोपतो तो मधला दुभाषा,
ज्याचा पगार मी घेते.

काट्याची लायब्ररी सीमध्ये, सत्त्याण्णव सालची.
पावतीचा प्रोग्राम पायथनमध्ये, परवाचा.
दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.
मध्ये आमचं यंत्र: हेडर वाचतं,
आणि प्रत्येक फंक्शनला पलीकडचं नाव देतं,
नव्या सुनेला देतात तसं, न विचारता.
ते लिहिणारा कुणी बिवलकर नोकरी सोडून गेला.
मागे एक ओळ ठेवून:
"हे असं का, ते नंतर लिहीन."

मागच्या आठवड्यात पावतीवर
पुरुषोत्तम शेठ नुसते पुरुष उरले.
यंत्राने नावाला सोळा घरं दिलेली,
एका अक्षराला एक, अशी त्याची समजूत.
आपल्याकडे उकारसुद्धा स्वतंत्र बिऱ्हाड करतो,
तीन-तीन खोल्या मागतो.
शेवटचं घर शून्यासाठी राखीव.
पाच चिन्हं मावली, उत्तम तेवढं बाहेर राहिलं.
शेठ म्हणाले, राहू द्या एक दिवस, बायकोला दाखवतो.
तो बग मी चहाच्या आधी काढला.

हा तसा नाही.
तीनशे ट्रक बिनबोभाट जातात
आणि तीनशे सातव्याला सगळं कोसळतं.
दुसऱ्या दिवशी एकशे नव्वदाव्याला.
ऐरोली, सेक्टर अठरा, रात्रीचे दीड.
खाडीवरून चिखलाचा वास वर येतोय
आणि मी पडद्यावर छापत बसलेय:
पत्ता घेतला.
पत्ता सोडला.
पत्ता सोडला.

दोनदा.

सी म्हणतं, माझं होतं, मी आवरलं.
पायथन म्हणतं, मला दिलं होतं, मी आवरलं.
तोवर त्याच जागी
दुसऱ्याच कुणाच्या कांद्याचं वजन येऊन बसलेलं.
हेडरमध्ये बघावं तर एक चांदणी फक्त.
चांदणी सांगते, कुठे आहे.
कुणाचं आहे, ते नाही सांगत.

पहिला उपाय मूर्खासारखा केला:
कुणीच काही सोडायचं नाही.
उजाडेपर्यंत मशीन तुडुंब.

सकाळी आई ओट्यापाशी, हातात स्टीलचा डबा.
मी म्हटलं, झाकण चेपलंय, भंगारात दे.
"आपला नाय त्यो. नाव बघ ना."
बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली तमिळ अक्षरं,
समोरच्या अलमेलू मामींची.
तुला कुठे वाचता येतं?
"नाय येत. पन आपला नाय, येवरा कलतं."
तिने त्यात चार बोंबलांऐवजी (मामी खात नाहीत)
मूठभर शेंगदाणे घातले आणि दार उघडलं.

मी आंघोळ न करताच बसले.
यंत्राला एक नवा शब्द शिकवला,
प्रत्येक फंक्शनच्या बुडाशी कोरायचा:
उसनं, किंवा दिलेलं.
फंक्शनं दोन हजार एकशे ऐंशी.
मूळ कोड वाचून खात्री पटली ती त्रेचाळीस.
बाकीच्यांना काय कोरू?
दुपारभर उत्तर सुचलं नाही. मग ठरवलं,
शंका आहे तिथे उसनंच धरायचं.
थोडं गळेल. गळू दे.
दुसऱ्याचं फेकलेलं परत आणता येत नाही.
बिवलकरांची ओळ पुसली नाही.
तिच्याखाली लिहिलं, असं का ते. साडेचार ओळी.

गुरुवार. शुक्रवार. फोन नाही.
शनिवारी वाघुले:
"मॅडम, काटा जागा आहे.
पण वजन दाखवतोय चारशे एकोणतीस कोटी किलो."
वर काय आहे?
"काही नाही. आत्ताच झाडून घेतला."